कॅम्परमधली वीज: बॅटरी, सोलर आणि फ्यूज नीट कसे जोडायचे

नांदुरीहून सप्तशृंगी गडाचा घाट चढताना आमच्या कॅम्परमध्ये, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय केलेल्या गाडीत, जळका वास आला. आधी वाटलं क्लच. मग वाटलं, खाली कुणीतरी कचरा पेटवलाय. तेवढ्यात बायको म्हणाली, "अहो, धूर आपल्या सीटखालून येतोय."

गाडी बाजूला घेऊन पान्याने बॅटरीचं टर्मिनल सोडवेपर्यंत फ्रिजच्या वायरीचं तीन-साडेतीन फूट इन्सुलेशन वितळून सीटच्या प्लायला चिकटलं होतं. वायर सीटच्या लोखंडी ब्रॅकेटवर घासत घासत उघडी पडली होती. वायर अडीच एमएमची आणि तिच्यावर ६३ अँपिअरचा घरगुती एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच. काम करून देणाऱ्या मिस्तरीने अभिमानाने सांगितलं होतं, "काका, मोठा टाकलाय, कधी ट्रिप होणार नाही." खरंच झाला नाही.

का झाला नाही, हे घरी येऊन वहीत मांडलं. गंजलेल्या, रंग लावलेल्या ब्रॅकेटला वायर टेकली म्हणजे पूर्ण शॉर्ट होत नाही, वाटेत थोडा रोध राहतो. समजा ७० अँपिअर वाहिले. ६३चा एमसीबी ७० अँपिअरवर तासभरसुद्धा बसून राहू शकतो. अडीच एमएमच्या वायरीचं प्लॅस्टिक तेवढ्या करंटला काही मिनिटांतच मऊ पडतं. एमसीबी खराब नव्हता. तो त्या वायरीचा नव्हता, एवढंच.

मी स्वतः नाशिकच्या सातपूरला एका पॅनल शॉपमध्ये (कारखान्यांचे इलेक्ट्रिक पॅनल बनतात तिथे) अकरा वर्षं वायरिंग केलंय. तरी वेळ नाही म्हणून गाडीचं काम दुसऱ्याला दिलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. त्यानंतर जुन्या ट्रॅव्हलरमधली सगळी वायर उपसून काढली आणि पुन्हा पहिल्यापासून केली. तेच काम इथे ज्या क्रमाने केलं त्या क्रमाने सांगतो. सगळं १२ व्होल्टच्या गाडीबद्दल आहे.

आधी वही, मग बाजार

बॅटरी किती घेऊ, हा प्रश्न सगळे आधी विचारतात. आधी विचारायचं ते हे, की दिवसाला खर्च किती. माझा हिशेब असा. छोटा कॉम्प्रेसरचा १२ व्होल्ट फ्रिज ४५ वॉटचा, आणि तो दिवसातून साधारण निम्मा वेळ चालतो, म्हणजे ५४० वॉट-तास. दोन पंखे २० वॉटचे, रात्रीचे आठ तास: ३२०. दिवे ८०. मोबाईल-लॅपटॉप १५०. पाण्याचा पंप १५. सकाळी चटणीपुरता ७५० वॉटचा मिक्सर तीन मिनिटं: जेमतेम ४०. बेरीज साडेअकराशेच्या आसपास.

मिक्सर बघा. वॉट सगळ्यात जास्त, पण दिवसाच्या खर्चात तो किरकोळ. बॅटरी किती मोठी हवी ते फ्रिज आणि पंखे ठरवतात, वायर किती जाड हवी ते मिक्सर ठरवतो. हे दोन हिशेब वेगळे ठेवा.

इंडक्शनचा मोह मात्र टाळा. २००० वॉटची शेगडी १२ व्होल्टवर इन्व्हर्टरची गळती धरून १९५ अँपिअरच्या पुढे ओढते. त्याला ७० एमएमची वायर लागते आणि तीही दोन हात लांबीचीच. मी गॅसच ठेवला.

बॅटरी मी २०० अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट घेतली. १२.८ व्होल्ट गुणिले २०० म्हणजे २५६० वॉट-तास, त्यातले ८० टक्के वापरायचे म्हटले तरी दोन हजार हाताशी राहतात. म्हणजे ऊन नसलं तरी पावणेदोन दिवस निघतात. घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासाची ट्युब्युलर स्वस्त पडते हे खरं. पण ती निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं, म्हणजे हाती येतात नऊशे. शिवाय पन्नास किलोच्या वरचं वजन, घाटात हिंदकळणारं ॲसिड आणि चार्ज होताना सुटणारा हायड्रोजन. जिथे आपण झोपतो तिथे ती ठेवू नये. ठेवायचीच असेल तर बाहेरच्या, हवा खेळणाऱ्या पेटीत.

लिथियमला आपल्याकडे थंडीची भीती नाही. शून्याखाली ती चार्ज करू नये असा नियम आहे, पण निफाडच्या थंडीतही बंद गाडीच्या आत पारा तिथवर जात नाही. भीती उन्हाची. मे महिन्यात मालेगावला भर दुपारी काचा लावून उभी केलेली गाडी आत भट्टीसारखी तापते, आणि ४५ अंशांच्या पुढे चार्जिंग बॅटरीला मानवत नाही. म्हणून बॅटरी छताजवळच्या कपाटात नको. सीटखाली, जमिनीलगत, चारी बाजूंनी पट्ट्याने आवळून. आवळलेली हवीच. ब्रेक मारल्यावर वीस-बावीस किलोचा डबा पुढे येतो तेव्हा वायरीही सोबत ओढतो.

एका कागदावर सगळ्या वायरी

पॅनल शॉपमध्ये ड्रॉइंगशिवाय कुणी पक्कड हातात घेत नाही. गाडीतही घेऊ नका. कागदाच्या मधोमध दोन जाड रेघा मारा: एक पॉझिटिव्ह बसबार (सगळ्या वायरी जिथे एकत्र येतात ती धातूची पट्टी), एक निगेटिव्ह. डावीकडे वीज आणणाऱ्या गोष्टी: बॅटरी, सोलरचा कंट्रोलर (पॅनलची वीज बॅटरीला मापात देणारा), इंजिनकडून येणारा डीसी-डीसी चार्जर. उजवीकडे वीज खाणाऱ्या: इन्व्हर्टर आणि १२ व्होल्टचा फ्यूज बॉक्स. प्रत्येक वायरीची रेघ वेगळी काढा आणि प्रत्येक रेघेजवळ तीन गोष्टी लिहा: लांबी, वाहणारा करंट, आणि या वायरीत वीज कुठून कुठून येऊ शकते.

तिसरा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत. दिव्याच्या वायरीत वीज एकाच बाजूने येते. पण इंजिनची बॅटरी आणि राहण्याच्या भागाची बॅटरी यांना जोडणाऱ्या वायरीच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे. ती मधेच चेपली तर दोन्हीकडून आग ओतली जाईल. तिला दोन फ्यूज लागतात, दोन्ही टोकांना एकेक. हे कागदावर लगेच दिसतं, गाडीखाली आडवं पडल्यावर दिसत नाही.

निगेटिव्हसाठी गाडीची बॉडी वापरायची का? ट्रकचे ऑटो इलेक्ट्रिशियन सर्रास वापरतात. मी वापरत नाही. प्रत्येक उपकरणाला दोन वायरी, दोन्ही बसबारपर्यंत. बॉडीला फक्त एक जोड: निगेटिव्ह बसबारपासून रंग खरवडलेल्या चॅसीपर्यंत, मुख्य वायरीइतकीच जाड. कारण पॉझिटिव्ह वायर पत्र्याला लागली तर शॉर्टचा करंट याच वाटेने परतणार. ही वाट बारीक असेल तर फ्यूज उडण्याऐवजी तीच तापेल.

चार्ज किती उरला हे दाखवणारा मीटर घेतला असेल तर त्याचा शंट (करंट मोजायची पट्टी) बॅटरीच्या निगेटिव्हवर बसतो. मग बॅटरीच्या निगेटिव्हला शंटशिवाय दुसरं काहीही लावायचं नाही. एक वायर जरी थेट लावली तरी मीटर खोटं बोलायला लागतो.

वायर

दुकानात 'चार एमएम' म्हणतात तेव्हा तो चौरस मिलिमीटर असतो, तारेचा व्यास नव्हे. बारीक तारांची लवचिक तांब्याची वायरच घ्या, घराच्या भिंतीतली कडक वायर गाडीच्या हादऱ्यांनी तुटते. ऑनलाइन स्वस्तात मिळणारी जाड 'बॅटरी केबल' ब्लेडने खरवडून बघा. आत चांदीसारखं पांढरं दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. (कथिल चढवलेलं तांबंही वरून पांढरं दिसतं, पण खरवडलं की आत लाल निघतं.)

साध्या पीव्हीसी वायरीसाठी, बंद जागेत आणि आपल्या उन्हाळ्यात, मी हे आकडे हात राखून धरतो: दीड एमएमला १० अँपिअर, अडीचला २०, चारला २५, सहाला ३५, दहाला ५०, सोळाला ७०, पंचवीसला १००, पस्तीसला १२५, पन्नासला १५०. कंपनीच्या तक्त्यात याहून मोठे आकडे सापडतील. ते मोकळ्या हवेतले किंवा उष्णता सोसणाऱ्या इन्सुलेशनचे असतात.

पण वायर तापत नाही म्हणून ती पुरेशी आहे असं नाही. १२ व्होल्टमध्ये अर्धा व्होल्ट हरवला तरी चार टक्के गेले. हिशेब सोपा आहे: जाण्या-येण्याची एकूण लांबी मीटरमध्ये, गुणिले अँपिअर, गुणिले ०.०१७५, भागिले चौरस मिलिमीटर. माझा फ्रिज बसबारपासून पाच मीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन दहा. चालताना पाच अँपिअर, सुरू होताना दुप्पट. दीड एमएमच्या वायरीत सुरू होताना ०.०१७५ गुणिले १० गुणिले १० भागिले १.५, म्हणजे जवळजवळ १.२ व्होल्ट गायब. फ्रिजला वाटतं बॅटरी संपली आणि तो बंद पडतो. चार एमएममध्ये तेच ०.४४ व्होल्ट. 'बॅटरी भरलेली आहे तरी फ्रिज लाल दिवा दाखवतो' या तक्रारीत बहुतेक वेळा हेच निघतं.

वायर पत्र्यातून जाते तिथे भोकाच्या कडेला रबरी ग्रोमेट आणि सगळीकडे खाचांचा लवचिक कॉन्ड्युट, म्हणजे वायरीवरची नळी. आपल्याकडे शेतात ठिबकच्या नळीचे तुकडे ढिगाने पडलेले असतात आणि कॉन्ड्युट म्हणून ती छान बसतेही. वापरू नका. ते पॉलिथिन आहे, मेणबत्तीसारखं पेटतं.

फ्यूज

फ्यूज उपकरणासाठी असतो हा समज डोक्यातून काढा. पंखा जळायचा तर तो जळेलच, फ्यूज बघत राहील. फ्यूज आहे तो वायरीसाठी. म्हणून त्याचा आकडा दोन भिंतींच्या मधे बसवायचा: उपकरणाच्या सततच्या करंटच्या सव्वापट किंवा जास्त, आणि वायर सोसते त्याहून कधीही जास्त नाही. दोन्ही जमत नसेल तर वायर जाड करा, फ्यूज मोठा करू नका. गडाच्या घाटातली सगळी गोष्ट या एका वाक्यात होती.

माझ्या गाडीत शेवटी हे ठरलं:

बॅटरी ते बसबार: पन्नास एमएम, १५० अँपिअर, क्लास-टी फ्यूज.
बसबार ते १००० वॉटचा इन्व्हर्टर: पस्तीस एमएम, १२५ अँपिअर. (१००० भागिले १२, त्यात १५ टक्के गळती, म्हणजे ९८ अँपिअर. सव्वापट १२२.)
सोलर कंट्रोलर ते बसबार: दहा एमएम, ४० अँपिअर.
बसबार ते फ्यूज बॉक्स: दहा एमएम, ४० अँपिअर.
फ्यूज बॉक्समधून: फ्रिज चार एमएम व १५, पंप अडीच एमएम व १०, मोबाईलचे सॉकेट अडीच एमएम व १०, पंखे आणि दिवे दीड एमएम व ५.

मुख्य फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हला जितका जवळ बसेल तितका बसवा, वीतभराच्या आत. बॅटरीपासून फ्यूजपर्यंतच्या तुकड्याला कुणाचंच संरक्षण नसतं. तो तुकडा आखूड हवा, कुठे घासता कामा नये, आणि त्याच्यावर दुहेरी स्लीव्ह असावी.

आता क्लास-टी का, साधा काचेच्या झाकणाचा फ्यूज का नाही. लिथियम बॅटरीचा अंतर्गत रोध फार कमी असतो. बॅटरी, वायर, थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची धातूची कडी) सगळं धरून चार मिलिओम झाले, तर १२.८ भागिले ०.००४, म्हणजे शॉर्ट झाल्यावर ३२०० अँपिअर. फ्यूजची तार वितळली तरी एवढा करंट हवेतल्या ठिणगीवरून पुढे वाहत राहू शकतो. किती करंट फ्यूज खात्रीने तोडू शकतो, हा त्याचा वेगळा आकडा असतो. गाडीच्या ब्लेड फ्यूजचा सहसा १०००, चांगल्या कंपनीच्या एएनएलचा (बोल्टने बसवायचा मोठा फ्यूज) ६००० च्या आसपास, क्लास-टीचा २०,०००. कारच्या ॲम्प्लिफायरसाठी विकल्या जाणाऱ्या चकचकीत सोनेरी फ्यूजवर हा आकडा अनेकदा छापलेलाच नसतो. छापलेला नसेल तर तो नाही असं समजा. इन्व्हर्टर आणि कंट्रोलरच्या वायरींना मी एएनएल आणि मिडी (त्याच्याहून लहान, बोल्टचाच फ्यूज) वापरले, कारण त्यांच्यामागे क्लास-टी उभा आहे. क्लास-टी दुकानात सहज मिळत नाही, मागवावा लागतो. दोन मागवा, एक डॅशबोर्डमध्ये ठेवा.

"बीएमएस आहे ना आत, मग फ्यूज कशाला?" हा प्रश्न मला दर महिन्याला कुणीतरी विचारतो. बीएमएस म्हणजे लिथियम बॅटरीच्या आतलं, तिला जपणारं सर्किट. त्यातले मॉसफेट म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच. जळताना ते पुष्कळदा बंद न होता आरपार जोडलेलेच राहतात. तेव्हा बीएमएस म्हणजे नुसता तांब्याचा तुकडा.

आणि घरगुती एमसीबी. घरची वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जाते. एमसीबी उघडला की ठिणगीला पुढच्या शून्यावर विझायची संधी मिळते. बॅटरीची आणि सोलरची वीज कधीच शून्याला येत नाही, ठिणगी ताणत राहते आणि डबी आतून जळते. डीसी एमसीबी वेगळा असतो, त्याच्यावर डीसी व्होल्ट लिहिलेले असतात, आणि काहींवर प्लस-मायनसची खूणही असते. खूण उलटी लावली तर तोही ठिणगी विझवत नाही. अंबड-सातपूरला स्विचगिअरचे एवढे मोठे कारखाने असलेल्या गावात दुकानदार 'चालतंय की' म्हणत एसीचा एमसीबी हातात ठेवतो, याचं मला जरा जास्तच वाईट वाटतं.

थिंबल

शॉपमधल्या आमच्या फोरमनचं सगळं लक्ष थिंबलवर असायचं, ते आता पटतं. एक मिलिओमचा सैल जोड १०० अँपिअरला दहा वॉट उष्णता एका ठिपक्यावर काढतो. सोल्डरिंग आयर्नचं टोक लावून ठेवल्यासारखंच ते. आणि या आगीला फ्यूज अडवत नाही, कारण करंट तर नेहमीचाच असतो.

थिंबल वायरीच्या मापाचीच. पस्तीसच्या वायरीला पन्नासची थिंबल घालून आत तारेचे तुकडे कोंबू नका. इन्सुलेशन थिंबलच्या नळीइतकंच सोला, एकही तार कापली जाता कामा नये. हायड्रॉलिक क्रिंपिंग मशीन लागतं. विकत घ्यायचं नसेल तर पॅनल बनवणाऱ्या शॉपमध्ये वायरी मापाने कापून न्या, चहाच्या पैशांत दाबून मिळतात. हातोडी आणि छिन्नीने ठोकलेली थिंबल मी ट्रकच्या बॅटऱ्यांवर रोज बघतो. ती कशी दिसते ते लक्षात ठेवा आणि तशी करू नका. डाग देऊन जोड पक्का होतो हाही गैरसमज. सोल्डर वायरीत वर चढतं, तिथे ती कडक होते आणि हादऱ्यांनी तिथेच तुटते. दाबल्यावर वायर जोर लावून ओढून बघा. निसटायची असेल तर आत्ताच निसटू दे. मग गरम करून आवळणारी स्लीव्ह.

बोल्टवर क्रम असा: खाली टर्मिनल, त्यावर लगेच थिंबल, मग वॉशर, स्प्रिंग वॉशर, नट. वॉशर थिंबलच्या खाली गेला तर सगळा करंट स्टीलच्या वॉशरमधून जातो. ही चूक इतकी सामान्य आहे की कुणाचीही गाडी बघायला गेलो की मी आधी तिथेच बोट लावतो.

आणि प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना फेरूल नंबर (वायरीवर सरकवायच्या नंबरच्या कड्या) घाला. दोन वर्षांनी पावसात, टॉर्च दातात धरून वायर शोधताना तुम्ही स्वतःचे आभार मानाल.

छतावरचं ऊन

नाशिक २० अंश उत्तरेला आहे. सूर्य मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास बरोबर डोक्यावर येतो आणि जुलैच्या उत्तरार्धात पुन्हा. जुलैत तो डोक्यावर असतो, पण ढगांच्या वर. डिसेंबरात दुपारी बारालाही तो क्षितिजापासून ४६-४७ अंशांवरच असतो, म्हणजे छतावर आडव्या टाकलेल्या पॅनलला सरळ उन्हाच्या तीनचतुर्थांशाहून थोडं कमी मिळतं. मी दिवसाला साडेचार तास पूर्ण ऊन धरतो आणि तापमान, धूळ, वायर यांचे २५ टक्के वजा करतो. ४०० वॉटचे पॅनल, गुणिले साडेचार, गुणिले ०.७५, म्हणजे १३५०. खर्च ११५०. जमतं. श्रावणात इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला जाणार असाल तर हा हिशेब विसरा. तिथे वीज इंजिनकडूनच घ्यायची.

दोनशे वॉटचे दोन पॅनल सिरीजमध्ये की पॅरलल? पॅरललमध्ये २० व्होल्ट आणि २० अँपिअर, सिरीजमध्ये ४० व्होल्ट आणि १० अँपिअर. छतापासून कंट्रोलरपर्यंत सहा मीटर चार एमएमची सोलर केबल धरली तर पॅरललमध्ये २० पैकी एक व्होल्ट गळतो, पाच टक्के. सिरीजमध्ये ४० पैकी अर्धा, सव्वा टक्का. पॅरललचा फायदा सावलीत. आंब्याखाली गाडी लावायची सवय असेल तर एक पॅनल झाकला गेला तरी दुसरा बिनधास्त चालतो. मी सिरीज केलं, सावलीत झोपतो तेव्हा विजेचा हव्यास धरत नाही.

सिरीजमध्ये कंट्रोलरची व्होल्टची मर्यादा बघा. उघड्या सर्किटला प्रत्येकी २४ व्होल्ट, दोन मिळून ४८. थंडीत व्होल्ट वाढतात, अंशामागे साधारण ०.३ टक्के. पहाटे पाच अंशांवर ५१ च्या आसपास. ७५ किंवा १०० व्होल्टचा एमपीपीटी (सोलर कंट्रोलरचा एक प्रकार) निवांत चालतो, ५० व्होल्टचा थंडीच्या पहिल्याच सकाळी जळेल. अँपिअर: ४०० भागिले १४.४, म्हणजे २८. तीसचा कंट्रोलर घ्या.

पॅनलच्या वायरीला फ्यूज? एक पॅनल, सिरीजमधले दोन किंवा पॅरललमधले दोन असतील तर गरज नाही. पॅनल शॉर्ट झाला तरी नेहमीपेक्षा थोडाच जास्त करंट देतो आणि चार एमएमची केबल तो सोसते. तीन किंवा जास्त ओळी पॅरलल केल्या की बाकीच्या मिळून एका बिघडलेल्या पॅनलमध्ये करंट ढकलतात, तेव्हा प्रत्येक ओळीला पॅनलच्या पाठीवर लिहिलेल्या मापाचा फ्यूज हवा. डीसी आयसोलेटर (पॅनलची वीज तोडायचा स्विच) मात्र दोन पॅनलांनाही लावा. ऊन पडलेलं असताना पॅनलच्या वायरीचा एमसी-फोर कनेक्टर ओढून काढायचा नाही, ठिणगी हाताला चाटते.

पॅनल पत्र्याला चिकटवू नका, दोन बोटं हवा जाऊ द्या. पेशी ६५ अंशांवर गेल्या की जवळजवळ पंधरा टक्के वीज उडते. छतातून वायर आत घेताना केबल ग्लँड आणि सीलंट, आणि ग्लँडच्या आधी वायरीला खाली झोळ, म्हणजे पाणी झोळातून टपकेल, वायरीच्या अंगाने आत येणार नाही.

इंजिनकडून

इंजिनचा अल्टरनेटर थेट लिथियमला जोडला तर बॅटरी हवा तेवढा करंट ओढते आणि अल्टरनेटर तापून बसतो. बीएस-सहा गाड्यांत तर तो स्वतःच व्होल्ट कमी-जास्त करत असतो. म्हणून मधे डीसी-डीसी चार्जर. तीस अँपिअरचा चार्जर इंजिनच्या बाजूने ३८ च्या आसपास ओढतो, म्हणून तिथे सोळा एमएम आणि ५० चा फ्यूज इंजिनच्या बॅटरीजवळ, आणि दुसऱ्या टोकाला दहा एमएम व ४० चा फ्यूज बसबारजवळ. तो इग्निशनवरच सुरू होईल असा जोडा, नाहीतर सकाळी गाडी ढकलायला माणसं शोधावी लागतील.

२३० व्होल्टबद्दल एवढंच: इन्व्हर्टरच्या पुढे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती दिसताच वीज तोडणारा स्विच) हवा, इन्व्हर्टरची बॉडी चॅसीला जोडलेली हवी, आणि हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. गाडीच्या रचनेत बदल करायचा तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी लागते, ती आधी घ्या. आग लागल्यावर विमा कंपनी सगळ्यात आधी तोच कागद मागते.

पहिल्यांदा चालू करताना

पॅनलवर गोधडी टाका. अंगठी, घड्याळ, कडं काढून ठेवा. पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळा. सगळे स्विच बंद, सगळे छोटे फ्यूज बाहेर. मल्टिमीटरने प्लस आणि मायनस बसबारमधला रोध बघा. मीटरचा बझर सुरुवातीला टूं करून थांबला तर तो इन्व्हर्टरचा कपॅसिटर. सतत वाजत राहिला तर शॉर्ट आहे, तिथेच थांबा.

मग बॅटरी जोडा, निगेटिव्ह शेवटी. मुख्य फ्यूज अजून बसवायचा नाही. त्याच्या जागी गाडीच्या इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब दोन वायरींनी लावा. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर सगळं ठीक, इन्व्हर्टरचे कपॅसिटरही सावकाश भरले. नाहीतर ते फ्यूज बसवताना मोठी ठिणगी काढतात. बल्ब भक्क पेटलेलाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, आणि तो तुम्हाला दहा रुपयांच्या बल्बने सांगितला. आता बल्ब काढून लगेच फ्यूज बसवा.

कंट्रोलरला आधी बॅटरी, मग पॅनल. काढताना उलट. सेटिंगमध्ये लिथियम निवडा: चार्जिंग १४.२ ते १४.४, फ्लोट (भरल्यावर धरून ठेवायचे व्होल्ट) १३.५ च्या आसपास, इक्वलायझेशन (ॲसिडच्या बॅटरीसाठीचं जादा व्होल्टचं चार्जिंग) बंद. मग गोधडी काढा. त्यानंतर छोटे फ्यूज एकेक करून घाला, प्रत्येकानंतर क्लॅम्प मीटर लावून करंट वहीतल्या आकड्याशी ताडून बघा.

शेवटी मिक्सर लावा. तो चालू असताना मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून प्रत्येक जोडाच्या दोन बाजूंना टोकं टेकवा: थिंबल आणि टर्मिनल, फ्यूजची दोन टोकं, बसबार आणि बोल्ट. एकसारख्या जोडांचे आकडे एकसारखे यायला हवेत. शेजारच्यापेक्षा एखादा चार-पाचपट दाखवत असेल तर तो सैल आहे, हाताला गरम लागण्याआधीच कळतो.

सगळे नट बॅटरी कंपनीने सांगितलेल्या ताकदीने आवळून झाले की नट आणि बोल्टवरून नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढा. शॉपमध्ये आम्ही मार्कर वापरायचो, नेलपॉलिश जास्त टिकतं. पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर सीट उचलून बघा. मी हरसूलमार्गे जव्हारला जाऊन आलो. अकरा रेघा सरळ होत्या, इन्व्हर्टरच्या निगेटिव्हची तुटलेली होती. नट पाव आटा फिरला होता.